वृद्धाश्रमात आई-वडिलांना इजा झाली तर: पहिल्या फोनपासून पुढचे काही आठवडे

वृद्धाश्रमातून फोन येतो: "आजी बाथरूममध्ये घसरल्या होत्या. घाबरण्यासारखं काही नाही, आता शांत झोपल्यात." सांगणाऱ्याचा हेतू धीर देण्याचाच असतो. पण आजी घसरल्या कधी, कोणी पाहिलं का, डोकं आपटलं का, यातलं काहीच त्यात नाही. आणि डोक्याला मार बसला असेल, तर "शांत झोपल्यात" हे ऐकून निश्चिंत व्हायचं नसतं, ताबडतोब जागं करून बघायला सांगायचं असतं.

ही वेळ ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सोयीसाठी सगळीकडे 'आई' लिहिलं आहे, वडिलांनाही सगळं तसंच लागू आहे. पहिल्या मिनिटापासून चार वेळांचा पाठपुरावा करा: आईला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, ती पडलेली कधी सापडली, डॉक्टरांना कधी कळवलं आणि तुम्हाला कधी कळवलं. उपचार कोणते करायचे हे या चार वेळांवर ठरतं, आणि पुढे हलगर्जीपणा झाला की नाही हेही यांवरूनच कळतं. कागदावर लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळा वेगळ्या सांगितल्या जाऊ शकतात.

१. फोन ठेवण्याआधी

शक्यतो व्यवस्थापकाशी नको, त्या वेळी ड्युटीवर असलेल्या सिस्टरशी किंवा सेविकेशी बोला. आवाज चढवू नका, समोरची व्यक्ती घाबरली की माहिती आटते. विचारा:

- पडताना कोणी पाहिलं का? नसेल, तर त्याआधी शेवटचं कोणी आणि किती वाजता पाहिलं?
- आत्ता शुद्धीत आहे का? नेहमीसारखी बोलते का, नाव सांगते का?
- रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, आणि शेवटची किती वाजता दिली? वॉरफेरिन, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डाबिगाट्रान, क्लोपिडोग्रेल ही नावं वाचून दाखवा. नुसतं "रक्त पातळ करणारी" म्हटलं तर पुष्कळदा "नाही" असं उत्तर येतं.
- जागेवरून उठवलं का? कसं उठवलं, किती जणांनी?
- या क्षणी तिच्याजवळ कोण बसलं आहे?

पडताना कोणी पाहिलं नसेल तर डोकं आपटलंच आहे असं धरून चालायचं. आई स्वतः "डोक्याला काही लागलं नाही" म्हणत असली तरीही, कारण डोक्याला मार लागल्यावर त्याआधीची काही मिनिटं आठवणीतून पुसली जाऊ शकतात.

यातलं एक जरी लक्षण असेल तर तुमची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवायला सांगा: उलटी, गुंगी किंवा नेहमीपेक्षा वेगळं बरळणं, झटके, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, मानेत दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं, १० मिनिटं सलग दाबून धरूनही न थांबणारं रक्त. पाय टेकवता येत नसेल, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसून पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं असेल, तर खुब्याचं हाड मोडलं असण्याची दाट शक्यता असते. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार बसला असेल, तर लक्षणं नसली तरी दवाखान्यात न्यायचंच. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णाचं सीटी स्कॅन इजेनंतर ८ तासांच्या आत करण्याचा विचार व्हायला हवा.

गाडी येईपर्यंत काय करू नये, हेही सांगून ठेवा. काखेत हात घालून उचलायचं नाही. यात खांदा निखळतो आणि मोडलेलं हाड आणखी सरकतं. मानेत दुखत असेल तर अजिबात हलवायचं नाही. खायला-प्यायला काही द्यायचं नाही, ऑपरेशन लागू शकतं. अंगावर पांघरूण मात्र हवं. म्हातारं शरीर गार फरशीवर फार लवकर थंड पडतं.

२. दवाखान्यात

औषधांचा चालू तक्ता, ॲलर्जीची माहिती, जुने रिपोर्ट, चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी सोबत हवी. चष्मा आणि यंत्र या किरकोळ गोष्टी नाहीत. न दिसणारी, न ऐकू येणारी म्हातारी व्यक्ती अनोळखी जागी काही तासांत भ्रमिष्टासारखी वागू लागते, आणि मग तिच्यावर झोपेची औषधं सुरू होतात.

डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं ते हे: आई कालपर्यंत कशी होती. "कालपर्यंत काठी घेऊन स्वतः बाथरूमला जात होती, सगळ्यांची नावं बरोबर सांगत होती, आज दिवस-रात्र कळत नाही." हे कोणी सांगितलं नाही तर समोरच्या डॉक्टरांना फक्त एक गोंधळलेली वृद्ध बाई दिसते, आणि ती नेहमीच अशी असेल असं गृहीत धरलं जातं. डोक्यातला रक्तस्राव नजरेतून सुटायला एवढं पुरतं. स्मृतिभ्रंश आधीपासून असेल तर त्याहूनही नेमकं सांगा: काय येत होतं, काय येत नव्हतं.

खुब्याबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. हाड मोडूनही जागचं हललं नसेल तर पहिल्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही, आणि काही जण त्यावर चार पावलं चालतातही. एक्स-रे साफ आहे, पण जांघेत दुखतंय आणि पाय टेकवत नाही, असं असेल तर "एमआरआय किंवा सीटी करायचं का?" हे स्पष्ट विचारा. मोडलंच असेल, तर ऑपरेशन दाखल केल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं असं मानलं जातं. उशीर झाला की न्यूमोनिया, शय्याव्रण (एकाच जागी पडून राहिल्याने, दाबामुळे होणारी जखम) आणि पायात रक्ताच्या गाठी यांचा धोका वाढत जातो. ऑपरेशन पुढे ढकललं तर कारण विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असर उतरायची वाट पाहणं हे कारण समजण्यासारखं आहे. नुसतं "वय फार आहे" हे कारण पुरेसं नाही.

आई तासाभराहून जास्त जमिनीवर पडून असण्याची शक्यता असेल तर ते आवर्जून सांगा. दबून राहिलेले स्नायू खराब होतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यासाठी सीके (स्नायूंची इजा दाखवणारी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी) या रक्ततपासण्या लागतात, आणि लघवी लालसर-तपकिरी येते का हे पाहावं लागतं. "शेवटचं कधी पाहिलं" हा प्रश्न इथे उपयोगी पडतो. रात्री ११ला पाहिलं आणि पहाटे ५ला सापडली, म्हणजे ती सहा तास पडून असू शकते.

आई कशामुळे पडली, याचा शोधही तिथेच सुरू करून घ्या: ईसीजी, साखर, सोडियम, हिमोग्लोबिन, आणि जमेल तेव्हा झोपवून व उभं करून रक्तदाब. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना येणारी चक्कर हे कारण असू शकतं, आणि ते बहुतेक वेळा औषधांशी जोडलेलं असतं.

निघण्याआधी डॉक्टरांना विनंती करा की सगळं अंग एकदा तपासून, जुन्या-नव्या सगळ्या खुणा केसपेपरवर मापासह लिहाव्यात. त्याच दिवशी डॉक्टरांनी केलेली ही नोंद पुढे तुमच्या शंभर फोटोंपेक्षा जास्त मोलाची ठरते.

३. अंगावरच्या खुणा बघणं आणि नोंदवणं

प्रत्येक खुणेचे दोन फोटो काढा: एक लांबून, शरीराचा कोणता भाग आहे हे कळेल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड. काळा-निळा डाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त स्पष्ट होतो, म्हणून रोज एकदा त्याच जागी पुन्हा फोटो घ्या. मूळ फोटो फोनमधून काढून टाकू नका, त्याला लागलेली तारीख-वेळ महत्त्वाची असते. आईला आधी विचारा. तिचं अंग आहे, तिची लाज आहे.

डागाच्या रंगावरून "हा तीन दिवसांपूर्वीचा" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, रंगावरून वय नक्की ठरत नाही. त्यापेक्षा जागा बघा. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते, त्यामुळे हाताच्या पाठीवर, कोपराखाली आणि नडगीवर डाग सहज उठतात. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या ठशांसारखे गोल डाग, मनगटाभोवती कडं, गळा, कान, मांडीचा आतला भाग, दोन्ही बाजूंना सारख्या खुणा: अशा खुणा घसरून पडल्याने सहसा होत नाहीत. सांगितलेली हकिकत आणि खुणेची जागा जुळत नसेल तर तसं लिहून ठेवा.

कातडी सोलवटली असेल तर ड्रेसिंग कसं केलं आहे ते पाहा. सलाइनने धुऊन, सुटलेली कातडी ओल्या कापसाच्या बोळ्याने हलकेच जागेवर परत पसरवून, वर न चिकटणारी सिलिकॉनची पट्टी लावायची असते. पट्टी कोणत्या दिशेने काढायची याचा बाणही तिच्यावर काढतात, म्हणजे बदलताना बसलेली कातडी पुन्हा निघत नाही. साधी चिकटपट्टी थेट लावली असेल तर काढताना आणखी तितकीच कातडी निघेल.

शय्याव्रणाची इजा पडून झालेल्या इजेइतकी उघड दिसत नाही, म्हणून ती वेगळी शोधावी लागते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं, आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागचा भाग पाहा. लालसर जागा बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडत नसेल तर ती सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने चाचपून बघा: आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार, टणक किंवा लिबलिबीत, दाबल्यावर दुखरी लागते का. जांभळा डाग असेल तर आत खोलवर इजा झालेली असू शकते, आणि असा डाग दाब पडल्यानंतर ४८ ते ७२ तासांनी वर येतो. त्यामुळे दवाखान्यातून परत आल्यावर दिसलेलं व्रण नेमकं कुठलं, वृद्धाश्रमातलं की दवाखान्यातलं, हा वाद हमखास होतो. दाखल करताना आणि घरी सोडताना, दोन्ही वेळा टाचा आणि माकडहाड बघून फोटो घेतलेला असेल तर हा वाद उरत नाही.

४. आईशी बोलणं

एकटीशी, दार लावून, आणि शक्य तितक्या लवकर. "काय झालं गं?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. "कोणी ढकललं का?" असं विचारलंत तर पुढचं तिचं उत्तर तुमच्या प्रश्नातून आलेलं असेल, आणि चौकशीत त्याला किंमत राहणार नाही. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून उतरवा. तुमच्या भाषेत नीटनेटकं करू नका. तेच तेच पुन्हा पुन्हा विचारू नका.

स्मृतिभ्रंश असला म्हणून तिचं बोलणं बाद होत नाही. शब्द जुळत नसतील तर वागणं पाहा: ठरावीक सेविका खोलीत आली की अंग चोरणं, हात वर गेला की डोळे मिटणं, आंघोळीच्या वेळी आरडाओरडा. बोलता न येणाऱ्या व्यक्तीच्या वेदना मोजायची पेनॅड नावाची पद्धत आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. सेविकांना ती शिकवायला सांगा. "त्या काही तक्रार करत नाहीत" याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही.

मारहाणीचा किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. आईला त्या जागेतून हलवा, थेट पोलिसांत आणि सरकारी दवाखान्यात वैद्यकीय तपासणीसाठी जा. तोवर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, काढलेले कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. अशा वेळी व्यवस्थापकाला आधी सांगून "आम्ही बघतो" हे ऐकण्यात वेळ घालवू नका.

५. कागदपत्रं: पहिल्याच दिवशी

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चित्रण चढतं. म्हणून पहिलं पत्र त्याच दिवशी गेलं पाहिजे, ईमेलने किंवा पोच घेऊन. तोंडी विनंतीवर विसंबू नका. मजकूर लांबलचक नको:

"माझ्या आईला (नाव, खोली क्रमांक) दि. … रोजी इजा झाली. त्या दिवशीचं आणि आदल्या रात्रीचं कॉरिडॉरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, पुसू नये. तसंच पुढील कागदांच्या प्रती द्याव्यात: अपघाताची नोंद, मागच्या ७ दिवसांची रोजच्या सेवेची नोंदवही, औषधांचा तक्ता, पडण्याच्या धोक्याचं मूल्यमापन, सेवा योजना, कूस बदलल्याचा तक्ता, त्या पाळीचं ड्युटी पत्रक. या पत्राची पोच द्यावी."

प्रती मिळायला वेळ लागणार असेल तर समोर बसून नोंदवहीच्या पानांचे फोटो काढू देण्याची विनंती करा. वाचताना तीन गोष्टी शोधा. पहिली, अपघाताच्या नोंदीत काय लिहायचं राहिलं आहे: फरशी ओली होती का, दिवा चालू होता का, पायात काय होतं, चष्मा लावला होता का, बोलावण्याची घंटा हाताशी होती का, व्हीलचेअरचे ब्रेक लावले होते का. दुसरी, डोक्याला मार लागल्याची शंका असताना शुद्धी, बाहुल्या, नाडी आणि रक्तदाब यांच्या नोंदी आहेत का. नाइसच्या सूचनांप्रमाणे, रुग्ण पूर्ण शुद्धीत असेल तर पहिले २ तास दर अर्ध्या तासाने, पुढचे ४ तास दर तासाला आणि नंतर दर २ तासांनी अशी तपासणी होते. हे वेळापत्रक दवाखान्यासाठी आहे, पण रात्रभरात एकही नोंद नसेल तर कोणी बघितलंच नाही असंच म्हणावं लागतं. तिसरी, नोंदी जरा जास्तच नीट आहेत का. तीन पाळ्यांतल्या नोंदी एकाच शाईत, एकाच अक्षरात, बरोबर ८, १०, १२ अशा ठोक्याला "कूस बदलली" असं लिहिलेलं असेल, तर ते पान बहुधा एका बैठकीत भरलेलं असतं. आई दवाखान्यात असतानाही तिला कूस बदलल्याची नोंद आहे का, हे जरूर पाहा.

आणि सही. "तक्रार नाही", "योग्य काळजी घेतली होती" असल्या मजकुरावर पहिल्या दिवशी सही करू नका, बिलात सूट मिळत असली तरी. कागद घरी न्या आणि सावकाश वाचा.

६. बैठक

एक-दोन दिवसांत व्यवस्थापक, सिस्टर आणि शक्य असेल तर भेट देणारे डॉक्टर यांच्याबरोबर बैठक मागा. घरातून दोघांनी जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. दोष कोणाचा यावर सुरुवात केलीत तर सगळे सारवासारव करू लागतात. "पुन्हा पडू नये म्हणून काय बदलणार?" इथून सुरुवात करा. दोषाचं उत्तर त्यातच बाहेर येतं.

पडण्यामागे बऱ्याचदा बाथरूमची घाई असते. म्हणून दिवसा दर २-३ तासांनी, झोपण्याआधी आणि पहाटे न मागता बाथरूमला नेणं हा साधा पण गुणकारी उपाय आहे. लघवीची गोळी संध्याकाळी देत असतील तर ती सकाळी देता येईल का, झोपेच्या गोळ्या कमी करता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्यांनी वृद्धांचा पडण्याचा धोका वाढतो. त्या एकदम बंद मात्र करायच्या नसतात, हळूहळू उतरवाव्या लागतात.

"आता पलंगाला कठडे लावतो, खुर्चीला बांधून ठेवतो" असं सुचवलं गेलं तर ठाम नकार द्या. उठायचंच असलेली गोंधळलेली व्यक्ती कठड्यावरून चढते आणि आणखी उंचावरून पडते. कठडा आणि गादीच्या फटीत मान किंवा छाती अडकून जीवही जातो. बांधून ठेवलं की स्नायू आणखी कमजोर होतात, आणि सोडल्याक्षणी पडण्याचा धोका आधीपेक्षा जास्त असतो. त्याऐवजी जमिनीलगतचा पलंग, शेजारी जाड गादी, उठल्याबरोबर वाजणारा सेन्सर, मागून बंद असलेली न घसरणारी पादत्राणं, बाथरूमपर्यंत रात्रीचा मंद दिवा आणि फिजिओथेरपी मागा. प्रत्येक गोष्टीपुढे कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घ्या. बैठक संपल्यावर तेच मुद्दे त्याच दिवशी ईमेलने पाठवा.

ठरलेल्या तारखेला काही झालं नसेल तर लेखी तक्रार मालक किंवा विश्वस्तांकडे, आणि तिथून पुढे परवाना देणाऱ्या सरकारी खात्याकडे. तक्रारीत विशेषणं नकोत, वेळा हव्यात. "अमानुष निष्काळजीपणा" या शब्दांनी काही हलत नाही. "रात्री ११ ते पहाटे ५ या काळात एकही नोंद नाही, प्रत सोबत जोडली आहे" याला मात्र उत्तर द्यावंच लागतं.

७. परत पाठवायचं की नाही

पुढे कोणती काळजी लागणार आहे ते दवाखान्यातून सोडायच्या आधीच वृद्धाश्रमाला सांगा, सोडल्यावर नाही. पायावर किती भार द्यायचा, रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून दिलेलं इंजेक्शन किती दिवस, ड्रेसिंग कधी, लघवीची नळी कधी काढायची, पुढची तपासणी केव्हा, हे सगळं डॉक्टरांच्या हातचं लेखी हवं. यातलं एखादं काम तिथे जमणार नसेल तर ते तेव्हाच कळू दे. लघवीची नळी कोणीच काढली नाही आणि आठवड्यांनी जंतुसंसर्ग होऊन पुन्हा दाखल करावं लागलं, असं सर्रास घडतं.

एकदा पडलं म्हणून लगेच जागा बदलू नका. चांगल्या देखभालीतही वृद्ध माणसं पडतात, आणि नव्या अनोळखी खोलीत पडण्याचा धोका उलट वाढतो. जागा बदलायची ती लपवाछपवी दिसली तर, नोंदी खोट्या निघाल्या तर, किंवा लेखी कबूल केलेलं झालं नाही तर. आई त्या माणसांना घाबरत असेल तर एक दिवसही थांबू नका.

पुढचे काही आठवडे वेळ बदलून जा: कधी रात्री नऊला, कधी सकाळी सातला, कधी सुट्टीच्या दिवशी. माणसं कमी असतात तेव्हाच खरी व्यवस्था दिसते. आणि डोक्याला मार लागला होता तर आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त कित्येकदा दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा त्रास देऊ लागतं. चालताना एका बाजूला झुकणं, वाढती झोप, नवीन विसराळूपणा, हातातली वस्तू निसटणं, डोकेदुखी. पहिलं स्कॅन साफ आलं असलं तरी यातलं काही दिसलं तर "वयामुळे असेल" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी पुन्हा दाखवा, आणि पडल्याची तारीख डॉक्टरांना स्वतःहून सांगा.